उजेड आणि उसंत

ऑस्ट्रेलियातल्या मेरिटन सर्व्हिस्ड अपार्टमेंट्स या कंपनीने नोव्हेंबर २०१४ ते ऑक्टोबर २०१५ या काळात जे केलं, त्यात वाचकापुढे आलेला एकही अभिप्राय खोटा नव्हता. पाहुणा खोली सोडून गेला की त्याचा ईमेल पत्ता ट्रिपॲडव्हायझरकडे पाठवायचा आणि मग ट्रिपॲडव्हायझरने त्या पाहुण्याला ‘तुमचा अनुभव लिहा’ असं कळवायचं, अशी व्यवस्था होती. जो पाहुणा वाईट लिहील अशी धास्ती वाटे, त्याच्या पत्त्यात ‘एमएसए’ ही तीन अक्षरं घुसडली जात. पत्ता बिघडला, की ईमेल पोचतच नसे. लिफ्ट बंद पडली किंवा गरम पाणी गेलं, अशा दिवसांत राहिलेल्या पाहुण्यांचे पत्ते सरळ रोखून धरले जात. छापले गेलेले अभिप्राय खऱ्या माणसांनी मनापासून लिहिलेले होते. फक्त नाराज मंडळींपर्यंत निमंत्रणच जाणार नाही याची सोय केलेली होती. फेडरल कोर्टाने ही ग्राहकांची दिशाभूल ठरवली आणि जुलै २०१८ मध्ये ३० लाख डॉलरचा दंड ठोठावला.

ऑनलाइन मजकुराला भुलू नका, आधी खरं-खोटं तपासा, हा सल्ला आपल्याला उठता-बसता मिळतो. सल्ला चांगलाच आहे, पण मेरिटनच्या प्रकरणात तो कुणाला वाचवणार होता? तिथला एकेक अभिप्राय तपासला असता तर एकेक खराच निघाला असता. दुसरा नेहमीचा सल्ला असा, की भावनेला हात घालणारा मजकूर दिसला की सावध व्हावं. तोही अर्धाच उपयोगी आहे. १९८१ साली व्हिक्टोरियातल्या कर्करोगविरोधी संस्थेने सिड नावाच्या एका कार्टून सीगलला टीव्हीवर गायला-नाचायला लावलं आणि उन्हात जाताना शर्ट चढवा, सनस्क्रीन चोपडा, टोपी घाला, हे घराघरात पोचवलं. ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ हे शब्द आजही इथल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या, शाळकरी पोरांना पाठ असतात, मराठी घरांतल्यासुद्धा. १९८९च्या अखेरीपासून व्हिक्टोरियाच्या ट्रान्सपोर्ट ॲक्सिडेंट कमिशनने रस्ते-अपघातांच्या ज्या जाहिराती दाखवल्या, त्या बघताना अंगावर काटा येतो. आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये मेलबर्नच्या मेट्रो ट्रेन्सने रेल्वेजवळ सावध राहायला सांगणारा ‘डम वेज टू डाय’ हा व्हिडिओ इंटरनेटवर सोडला. वेडपटपणे मरणाऱ्या गोंडस बाहुल्यांचं ते गाणं जगभर पोरांच्या तोंडी बसलं. या तिन्ही मोहिमांत आकडेवारी कमी आणि गाणं, हसू, भीती जास्त आहे. तरी त्यांना कोणी लबाडी म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

मग फरक कुठे आहे? माझ्या मते तो सत्य-असत्यात किंवा भावना-तर्कात शोधायचा नाही. समोरच्याने आपली युक्ती आपल्याला उघडपणे सांगितली, तरी ती चालेल का, एवढं विचारायचं. अपघाताची जाहिरात करणारे म्हणाले, ‘आम्ही तुम्हाला मुद्दाम घाबरवतोय, कारण भरधाव गाडीने माणसं मरतात’, तर जाहिरातीचा परिणाम काही कमी होत नाही. उलट मेरिटनने आपल्या पानावर लिहिलं असतं, की ‘तक्रारखोर पाहुण्यांना आम्ही लिहू देत नाही’, तर त्या चकचकीत ताऱ्यांची किंमत तत्क्षणी शून्य झाली असती. पटवणं उजेडात टिकतं. खेळवणं उजेड पडला की संपतं. ही कसोटी हाती असली, की प्रत्येक दाव्यामागे धावत बसावं लागत नाही. समोर दिसणाऱ्या मांडणीबद्दल एकच प्रश्न करायचा: हे इथे, या क्रमाने, या रंगात का आहे, आणि त्याचं खरं कारण खाली लिहिलं असतं तर मी हेच बटण दाबलं असतं का?

ट्रिव्हागोचं उदाहरण या प्रश्नासाठी जणू मापून शिवलेलं आहे. हॉटेलांचे दर एका जागी दाखवणारी ही कंपनी ऑस्ट्रेलियात टीव्हीवर आपली जाहिरात करत होती, ती निःपक्षपाती तुलना करून स्वस्त दर शोधून देणारी म्हणून. प्रत्यक्षात वरच्या ठळक जागी कोणता दर दाखवायचा, हे ठरवताना बुकिंग करणारी कोणती साइट प्रत्येक क्लिकमागे ट्रिव्हागोला जास्त पैसे देते, याला मोठं वजन होतं. स्पर्धा आणि ग्राहक आयोगाने, म्हणजे एसीसीसीने, न्यायालयात दाखवून दिलं, की सुमारे दोन तृतीयांश यादीत वर दिसणारा दर हा उपलब्ध असलेला सगळ्यात स्वस्त दर नव्हताच. शेजारी काट मारून एक मोठा आकडा दाखवलेला असे. वाचणारा समजे, तीच खोली इतक्या सवलतीत मिळते आहे. काही वेळा तो काटलेला आकडा त्याच हॉटेलातल्या आलिशान खोलीचा आणि खालचा आकडा साध्या खोलीचा असे. जानेवारी २०२० मध्ये निकाल कंपनीच्या विरोधात गेला, अपीलही फेटाळलं गेलं आणि एप्रिल २०२२ मध्ये दंड झाला ४ कोटी ४७ लाख डॉलर. या प्रकरणातून घरी न्यायची गोष्ट अगदी छोटी आहे. आई-बाबा भारतातून येणार म्हणून तुम्ही हॉटेल किंवा विमानाची तिकिटं बघत असाल, तर यादी पहिल्यांदा ‘कमी दर आधी’ अशी लावून घ्या. साइटने स्वतः लावलेल्या ‘शिफारस’ या क्रमावर विसंबू नका. काट मारलेला आकडा नसल्यासारखा धरा. उरलेला दर त्याच हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर एकदा पडताळा. पाच मिनिटांचं काम आहे.

याहून ताजं प्रकरण बहुतेक वाचकांच्या स्वतःच्या संगणकातलं आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये कोपायलट हा एआय मदतनीस घातल्यावर वैयक्तिक योजनेचं वार्षिक शुल्क १०९ डॉलरवरून १५९ डॉलर झालं, कुटुंबाच्या योजनेचं १३९ वरून १७९. ग्राहकांना कळवण्यात आलं, त्याचा अर्थ सरळ होता: नवा दर भरा, नाहीतर सदस्यत्व रद्द करा. एसीसीसीने ऑक्टोबर २०२५ मध्ये दावा दाखल केला तो यावर, की तिसरा पर्यायही होता. कोपायलट नसलेली, जुन्याच दराची ‘क्लासिक’ योजना अस्तित्वात होती, पण ती त्या कळवण्यात कुठेच नव्हती. सदस्यत्व रद्द करण्याचं बटण दाबून पुढे गेल्यावरच ती दिसे, असा आयोगाचा आरोप आहे, आणि सुमारे २७ लाख ऑस्ट्रेलियन ग्राहकांचा हा प्रश्न असल्याचं त्याने म्हटलं. पुढच्या महिन्यात कंपनीने ग्राहकांना ईमेल पाठवून माफी मागितली आणि परताव्याचा मार्ग दिला. इथेही तीच कसोटी लावून बघा. ‘जुन्या दराची योजना आहे, हवी असेल तर घ्या, पण आमच्या मते नवी चांगली’ असं पहिल्याच ईमेलमध्ये लिहिलं असतं, तर ते पटवणं झालं असतं, आणि अनेकांनी ५० डॉलर खुशीने जास्त भरलेही असते. यावरून एक सवय लावून घेण्यासारखी आहे. कुठल्याही सदस्यत्वाचा दर वाढल्याचा ईमेल आला, की ‘रद्द करा’ या बटणावर जाऊन तर बघायचं. शेवटची पुष्टी देईपर्यंत सहसा काही रद्द होत नाही, आणि स्वस्त योजना, सवलत, दोन महिने फुकट, अशा गोष्टी बहुधा त्या वाटेवरच दडलेल्या असतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ग्राहक काय कुक्कुलं बाळ आहे? बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं, वाचायला काय झालं? हा युक्तिवाद ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. टीपीजी या इंटरनेट कंपनीची २०१० मधली जाहिरात दरमहा २९.९९ डॉलरमध्ये अमर्याद ब्रॉडबँड देत होती; सोबत दरमहा ३० डॉलरची घरगुती फोनलाइन घ्यावीच लागेल, हे बारीक टायपात होतं. कंपनीचं म्हणणं, असे जोड-सौदे असतात हे लोकांना माहीत असतं आणि लिहिलेलंही होतं. हायकोर्टाने, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, डिसेंबर २०१३ मध्ये ते मानलं नाही. जाहिरातीचा ठळक संदेश जे सांगतो तोच वाचकाच्या मनात घर करतो, खालच्या टीपेने तो पुसला जात नाही, असा त्या निकालाचा रोख आहे, आणि २० लाख डॉलरचा मूळ दंड पुन्हा लागू झाला. मला हा निकाल न्याय्य वाटतो, आणि कारण व्यवहारी आहे. जाहिरात बनवणाऱ्याकडे संशोधक, डिझायनर, चाचण्या आणि महिने असतात. वाचणाऱ्याकडे ट्रेनमधली सात मिनिटं असतात. हे असमान वजन माहीत असताना सगळी जबाबदारी हलक्या पारड्यावर टाकणं म्हणजे न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. विकणारा प्रत्येक जण काहीतरी पुढे करतो आणि काहीतरी मागे ठेवतो. मग सगळा बाजारच लबाड म्हणायचा का? नाही. आंबेवाला पेटीत वरच्या थराला चांगली फळं लावतो, हे तुम्हाला माहीत असतं, त्याला माहीत असतं, आणि तुम्हाला माहीत आहे हेही त्याला माहीत असतं. तुम्ही खालचं फळ उचलून हुंगू शकता. त्याचं कसब उजेडातच आहे. खोट खालचा थर झाकून ठेवण्यात आणि वर ‘अख्खी पेटी अशीच’ म्हणण्यात आहे. वकील, संपादक, पुढारी, दुकानदार, सगळेच निवड करून मांडतात. निवड करणं हा दोष नाही, निवड झालीच नाही असं भासवणं हा दोष आहे. म्हणून ‘प्रायोजित’ हा शब्द स्पष्ट लिहिलेली पोस्ट मी त्यातल्या त्यात प्रामाणिक समजतो. एसीसीसीने २०२३ मध्ये ११८ इन्फ्लुएन्सरांच्या पोस्ट तपासल्या, तेव्हा त्यांतल्या ८१ टक्क्यांच्या पोस्ट आक्षेपार्ह वाटल्या, आणि मुख्य तक्रार हीच होती, की पैसे किंवा वस्तू घेऊन लिहिलं आहे हे नीट सांगितलेलंच नव्हतं. आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही घराचा एजंट, विमा, व्हिसाचा सल्लागार यांची नावं मोठ्या आपुलकीने सुचवली जातात. सुचवणाऱ्या काकांना किंवा ताईंना ‘यात तुम्हाला काही मिळतं का?’ असं विचारायला संकोच वाटतो, पण विचारावं. मिळत असेल तर त्यात पाप नाही. लपवलं तर मात्र आहे. आणि व्हिसाचा सल्ला पैसे घेऊन देणारा माणूस वकील नसेल, तर त्याची मायग्रेशन एजंट म्हणून नोंदणी असायलाच हवी. ती ऑनलाइन यादीत दोन मिनिटांत तपासता येते.

आता माझ्याच कसोटीतली फट सांगायला हवी. काही सापळे उजेडातही चालतात. मार्च २०२३ पासून ऑस्ट्रेलियात ऑनलाइन बेटिंगच्या जाहिरातींना ‘बहुधा तुम्ही हरणारच आहात’ अशा अर्थाची वाक्यं जोडणं सक्तीचं आहे. याहून उघड काय सांगायचं? तरी माणूस पैसे लावतो. म्हणजे नुसता उजेड पुरत नाही, मारा कोणत्या क्षणी केला जातो हेही बघावं लागतं. मे २०१७ मध्ये ‘द ऑस्ट्रेलियन’ या दैनिकाने फेसबुकचा एक अंतर्गत दस्तऐवज उजेडात आणला. किशोरवयीन आणि तरुण मुलांना स्वतःबद्दल न्यूनगंड कधी वाटतो, ती निराश कधी असतात, त्यांना धीराची गरज कधी भासते, हे आपल्याला ओळखता येतं, असं त्यात जाहिरातदारांसाठी लिहिलेलं होतं. भावनिक अवस्थेवरून जाहिरात दाखवण्याचं साधन आपण देत नाही, असा खुलासा फेसबुकने केला. तो मान्य केला तरी एक गोष्ट कळते: दुबळा क्षण ओळखणं ही विकण्याजोगी माहिती आहे, हे तिथल्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून कसोटीचा दुसरा भाग उसंतीचा. हीच गोष्ट उद्या सकाळी चहा घेताना विचारली, तरी माझं उत्तर तेच राहील का? पटवणाऱ्याला तुम्ही उद्या आलात तरी चालतं. खेळवणाऱ्याला उद्या नको असतो, म्हणूनच त्याच्याकडे उलटी मोजणारी घड्याळं, ‘फक्त २ खोल्या शिल्लक’ आणि ‘आत्ताच १४ जण बघत आहेत’ असल्या पाट्या असतात.

कायद्याला ही गोष्ट फार पूर्वी कळलेली आहे. दारावर येऊन किंवा स्वतःहून फोन करून कुणी तुमच्या गळ्यात १०० डॉलरहून जास्त किमतीचा करार मारला, तर ऑस्ट्रेलियन ग्राहक कायद्याने तुम्हाला कामाचे १० दिवस मन बदलण्याची मुभा आहे. नव्या स्थलांतरितांना हे बहुधा कुणी सांगतच नाही, आणि वीज किंवा सोलरवाले नेमके त्यांच्याच दारात उभे असतात. गंमत अशी, की तुम्ही स्वतःहून साइटवर जाऊन केलेल्या खरेदीला ही मुभा नाही. तिथे उसंत तुमची तुम्हालाच काढावी लागते. वस्तू कार्टमध्ये टाकून रात्रभर तशीच ठेवणं, फोनमध्ये कार्डाचा नंबर साठवून न ठेवणं, रात्री दहानंतर पैशांचा कुठलाही निर्णय न घेणं, हे उपाय बालिश वाटतील; पण बटणाकडे जाणाऱ्या बोटाला ते खरोखर अडवतात. जुगाराच्या बाबतीत तर सरकारनेच उसंतीची सोय केली आहे. ऑगस्ट २०२३ पासून बेटस्टॉप या नोंदणीत नाव घातलं, की कुठलीही परवानाधारक ऑनलाइन बेटिंग कंपनी तुमचे पैसे घेऊ शकत नाही, जाहिरातीही पाठवू शकत नाही. मुदत किमान तीन महिने, हवी तर जन्मभर. घरात कुणाला गरज असेल तर चारचौघांत न बोलता ही माहिती त्याच्या हाती द्या.

राजकारणात उजेड आणि उसंत दोन्ही एकदम हिरावून घेतली जातात. २ जुलै २०१६ ला, ऐन मतदानाच्या दिवशी, क्वीन्सलँड लेबर पक्षाकडून अनेकांच्या फोनवर मेडिकेअरचं, म्हणजे सरकारी आरोग्यविम्याचं, खासगीकरण होणार असा संदेश गेला, आणि पाठवणाऱ्याच्या जागी दिसत होतं ‘मेडिकेअर’. पुढे सरकारी खात्याचं सोंग घेणं हा कायद्याने गुन्हा करावा लागला. २०१९ च्या निवडणुकीत उलट बाजू. मेलबर्नच्या चिझम आणि कूयाँग मतदारसंघांत लिबरल पक्षाने मतदान केंद्रांवर चिनी भाषेतले फलक लावले, रंग निवडणूक आयोगाचे जांभळे-पांढरे, आणि मजकूर असा, की मत देण्याची योग्य पद्धत म्हणजे लिबरल उमेदवारापुढे १ लिहिणं. हे फलक दिशाभूल करण्याजोगे होते असं न्यायालयाने डिसेंबरमध्ये म्हटलं, निवडणूक मात्र रद्द केली नाही. आपल्यासाठी यात थेट इशारा आहे. इंग्रजीतला मजकूर शंभर डोळे वाचतात, त्यावर पत्रकार लिहितात. मराठी, हिंदी, पंजाबी किंवा चिनीतला मजकूर त्या त्या समाजाच्या बंद ग्रुपमध्ये फिरतो आणि बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही. आपल्या भाषेत आला म्हणून तो आपल्या माणसाचाच असतो असं नाही. त्यातून केंद्रीय निवडणुकीच्या राजकीय जाहिरातीत खोटं बोलायला सर्वसाधारण बंदी नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात आणि कॅनबेराच्या राजधानी प्रदेशात, तिथल्या राज्य आणि प्रदेश पातळीवरच्या निवडणुकांपुरती ती आहे. देशपातळीवर नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडलेलं विधेयक पुढे सरकलं नाही. म्हणजे ट्रिव्हागोला जे महागात पडलं, ते पक्षांना परवडतं.

ही कसोटी दुसऱ्यांपुरती ठेवून चालणार नाही. घरगुती डबे, दिवाळीचा फराळ, मंडळाच्या नाटकाची तिकिटं, शिकवण्या, हे सगळं आपणही ऑनलाइनच विकतो. ‘शेवटच्या दहा जागा’ असं लिहायला हरकत नाही, जागा दहाच उरलेल्या असतील तर. चाळीस असताना दहा लिहिणं हे उलट्या घड्याळाचंच धाकटं भावंड आहे, हेतू चांगला असला तरी. आणि समोरचा ‘कळवतो’ म्हणाला, की त्याला एक दिवस द्यावा.

आता तक्रारीचं. दिशाभूल करणाऱ्या वर्तनाला ग्राहक कायद्याच्या कलम १८ ने मनाई आहे, पण जे फसवं नाही तरी त्रासदायक आहे, म्हणजे मुद्दाम चक्रव्यूहासारखं केलेलं सदस्यत्व रद्द करणं वगैरे, ते या कलमाच्या चिमट्यात सहजी सापडत नाही. अशा अनुचित प्रथांवर वेगळी बंदी आणू, असं केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. भारताने याबाबत आधी पाऊल टाकलेलं आहे: ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत असे १३ प्रकार नावानिशी नोंदवले आहेत, आणि भारतीय साइटवरून आई-वडिलांची तिकिटं काढणाऱ्यांना ते उपयोगी पडतात. ऑस्ट्रेलियात एसीसीसी एकेकट्या ग्राहकाचं भांडण सोडवत नाही, पण तक्रारी नोंदवून घेते, आणि कारवाई कुठे करायची हे ठरवताना त्यांचा उपयोग होतो. तुमचे पैसे परत मिळवायचे असतील तर राज्याच्या खात्याकडे जा: न्यू साउथ वेल्समध्ये फेअर ट्रेडिंग, व्हिक्टोरियात कन्झ्युमर अफेअर्स. सरळ ठकवणूक असेल तर आधी बँक, मग स्कॅमवॉच ही सरकारी साइट. कुठेही गेलात तरी पुरावा मागतील, आणि साइटवरचा मजकूर रातोरात बदलतो. तेव्हा स्क्रीनशॉट तारखेसकट आधी घ्या, आणि मग तक्रार लिहायला बसा.